दोन एकरांचे बारा महिने

1970-71 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात दर खातेदारामागे सरासरी 4.28 हेक्टर वहिती क्षेत्र होते. 2015-16 च्या गणनेपर्यंत ते 1.34 हेक्टरवर आले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांतून झालेली ही घट बहुधा उत्पादकतेच्या भाषेत मांडली जाते, आणि एवढ्याशा तुकड्यातून अधिक क्विंटल कसे निघतील, असा प्रश्न विचारला जातो. एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टर जमीन असलेला अल्पभूधारक यांच्या घरात मात्र हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. मुख्य पीक वर्षातून एकदाच घरात येते आणि चूल बाराही महिने पेटवावी लागते, त्यामुळे सुगीच्या आधीचे व नंतरचे महिने कशावर काढायचे हे ठरवण्यातच त्या घराची बरीचशी शेती सामावलेली असते. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील डोंगराळ पाड्यांवर दीर्घकाळ शेतीविस्ताराचे काम केलेल्या एका कार्यकर्त्याच्या अनुभवावर पुढील विवेचन आधारलेले आहे. एकात्मिक शेतीचे मोल शेताच्या नकाशात नव्हे, तर महिन्यांच्या हिशेबात कळते, ही त्या अनुभवातून हळूहळू पक्की झालेली धारणा आहे.

पिके, झाडे, जनावरे, कोंबड्या, मासे, मधमाश्या अशा अनेक घटकांची एकाच कुटुंबाच्या शेतावर अशी सांगड घालणे, की एका घटकातून उरलेले दुसऱ्याच्या कामी यावे, याला एकात्मिक शेती म्हणतात. भाताचा पेंढा बैल खातो, बैलाचे शेण उकिरड्यात कुजून खाचरात परत जाते, खळ्यावर सांडलेले दाणे कोंबड्या वेचतात आणि बांधावरच्या झाडाचा पाला चिखलणीच्या वेळी मातीत मिसळला जातो. अनेक घटक नुसते शेजारी शेजारी असतील तर ती मिश्र शेती ठरते. त्यांच्यात अशी देवाणघेवाण असेल तरच ती एकात्मिक म्हणता येते. मेरठजवळच्या मोदीपुरम येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था या विषयावर देशभर समन्वित संशोधन चालवते, परंतु मुळातला विचार संस्थांहून पुष्कळ जुना आहे. गोव्याच्या कुळागरात सुपारीच्या सावलीत केळ वाढते आणि सुपारीच्याच खोडावर मिरीचा वेल चढतो. तेथील खाजणांत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या जमिनीत, मानशीच्या दारांतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडून भात आणि मासे दोन्ही घेतले जातात. अरुणाचलातील झिरो खोऱ्यात आपातानी शेतकरी भाताच्या खाचरातच मासे वाढवतात. जव्हार-मोखाड्यातही अशी जुनी सांगड होती, आणि बाहेरून आलेल्या योजनांना ती दिसण्यास बराच काळ जावा लागला.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण काळ्या कातळावरून तो दऱ्यांत वाहून जातो, आणि फाल्गुन उजाडला की त्याच पाड्यांवरील बायकांना पिण्याच्या पाण्यासाठी दूर चालावे लागते. जमीन मुख्यतः दोन प्रकारची आहे: टेकड्यांमधील सखल भागात बांध घालून तयार केलेली भाताची खाचरे, आणि उतारावरची हलकी वरकस जमीन, जिच्यावर पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद घेऊन पुढे काही वर्षे ती पड ठेवण्याची रीत होती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी कुटुंबांच्या या भागात कणगी, म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणून शेणाने सारवलेली धान्याची कोठी, आषाढ-श्रावणात रिकामी होऊ लागे. नेमक्या त्याच दिवसांत लावणीचे, वर्षातले सर्वांत कष्टाचे काम येई, आणि रिकाम्या पोटी चिखलात उभे राहण्यासाठी खावटी घ्यावी लागे. खावटी म्हणजे खाण्यासाठी उसने घेतलेले धान्य, जे सुगीत वाढीव मापाने फेडावे लागते. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी या भुकेची बातमी राज्यभर पोहोचवली. पाड्यांना मात्र ती भूक दर वर्षी ठरलेल्या महिन्यांत भेटणारी होती. दिवाळीनंतर खाचरे कोरडी पडली की उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जात आणि जेठाच्या तोंडावर परत येत.

विस्ताराच्या कामाचा आरंभ बहुतेक ठिकाणी होतो तसा येथेही सुधारित बियाण्याने झाला. सर्व खाचरांत एकच अधिक उतारा देणारा भात लावावा, ही त्या काळची शिफारस होती आणि उताऱ्यापुरती ती खरीही होती. एका वयस्क शेतकऱ्याने ती पूर्णपणे कधीच मानली नाही. त्याच्याकडे जेमतेम दोन एकर खाचर होते आणि त्यात तो दर वर्षी तीन प्रकारचे भात लावी: वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात सुमारे साडेतीन महिन्यांत तयार होणारा हळवा, मधल्या खाचरांत चार महिन्यांच्या आसपासचा निमगरवा आणि ओढ्याकाठच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात त्याहून अधिक दिवस घेणारा गरवा. हळव्याचा उतारा कमी पडतो हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तो भात भाद्रपद-आश्विनात, म्हणजे इतरांच्या कणग्या तळाला गेलेल्या असताना, घरात येई, आणि त्या पंधरा-वीस दिवसांची खावटी वाचे. शिवाय तिन्ही भात वेगवेगळ्या वेळी पिकत असल्याने कापणी घरच्याच माणसांत उरके, मजूर लावावा लागत नसे, आणि परतीच्या पावसाने एक भात लोळवला तरी दुसरा वाचे. सरासरी उताऱ्याच्या कोष्टकात या शेताचा क्रमांक खाली लागत असे. त्या घरावर खावटीचे ओझे मात्र शेजारच्या घरांपेक्षा कमी होते. एका शेतातील वाणांची विविधता ही येथे वर्षाच्या आखणीचा भाग होती, आणि कार्यकर्त्याच्या विचाराला पहिले वळण याच शेताने दिले.

दुसरे वळण एका आदर्श प्रात्यक्षिकाच्या कोसळण्यातून मिळाले. एका योजनेखाली एका कुटुंबाच्या शेतावर शेततळे, शेळ्या, कोंबड्या, गांडूळखताचे बांधीव टाके, भाजीचे वाफे आणि फळझाडे असे सर्व घटक एकाच हंगामात उभे केले गेले. जागेची आखणी उत्तम होती. शेळ्यांच्या गोठ्यातील लेंडी टाक्यात, टाक्यातील खत वाफ्यात आणि वाफ्यातील पाला पुन्हा शेळ्यांना, असे चक्र कागदावर पूर्ण होत होते, आणि दूरदूरचे लोक ते पाहण्यास येत. दोन पावसाळ्यांनंतर तेथे फळझाडे आणि काही कोंबड्या एवढेच उरले. त्या घरच्या बाईने कारण सरळ सांगितले. शेळ्यांचा चारा, टाक्याची ओल, वाफ्यांचे पाणी आणि कोंबड्यांची राखण ही सगळी कामे तिच्यावर आली होती; आषाढात ती दिवसभर लावणीला जाई आणि चैत्रात तिचा अर्धा दिवस पाण्याच्या हंड्यात जाई. शेताला जमिनीची मर्यादा होतीच, पण त्याआधी त्या बाईच्या दिवसाची मर्यादा होती, आणि आखणीत ती कोणीही धरली नव्हती. एकात्मिक शेतीविषयीच्या साहित्यात श्रमदिवस वाढतात ही गोष्ट रोजगारनिर्मिती म्हणून लाभाच्या बाजूला मांडली जाते. ते श्रम कोणाचे आणि कोणत्या महिन्यातले, हे विचारले तर तीच गोष्ट काही घरांत तोट्याच्या बाजूला जाते.

यानंतर पाड्यांवरील बैठकांची रीत बदलली. शेताचा नकाशा काढण्याआधी जमिनीवर रांगोळीने बारा घरे आखली जात आणि प्रत्येक महिन्याच्या घरात बायका दाणे ठेवत: कामाचे दाणे वेगळे, घरात असलेल्या धान्याचे वेगळे, पाण्याचे वेगळे, रोख पैशाचे वेगळे. आषाढाच्या घरात कामाचा ढीग आणि धान्याचा दुष्काळ दिसे. मार्गशीर्षापासून काम जवळजवळ नाही आणि पैसाही नाही, असे दिसे. कोणताही नवा घटक सुचवताना तो यांतील कोणत्या घरात काय घालतो आणि कोणत्या घरातून काय उचलतो, हे तेथेच पाहिले जाऊ लागले. आषाढात काम वाढवणारा घटक बहुधा नाकारला जाई, आणि तो नकार योग्यच असे.

या कसोटीला सर्वांत चांगल्या उतरल्या गावठी कोंबड्या. दहा-बारा कोंबड्या घराभोवती स्वतःच चरतात, खळ्यावरचे दाणे, किडे आणि वाळवी खातात, रात्री डालग्याखाली किंवा खुराड्यात झाकल्या की त्यांचे काम संपते; आणि अंडी असोत की आखाडात विकलेला कोंबडा असो, तो पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. लावणीच्या दिवसांत मीठ-तेलापुरती रोकड देणारा यापेक्षा सोपा घटक कार्यकर्त्याला आढळला नाही. अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. मानमोडी, म्हणजे राणीखेत हा विषाणुजन्य रोग, एकदा पाड्यात शिरला की एका आठवड्यात डालगी रिकामी होत. त्यावरची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देता येते आणि ती महागही नाही. परंतु कुपी थंड ठेवावी लागते आणि एका कुपीत शंभराहून अधिक पक्ष्यांचा डोस असतो, त्यामुळे एकट्या घराला ती परवडत नाही. पाड्यातील दोन-तीन मुलींनी लस देण्याचे शिक्षण घेतले आणि ठरलेल्या दिवशी सर्व घरांच्या कोंबड्या पहाटे सोडण्याआधी लस देण्याची पद्धत बसली, तेथे कोंबड्या टिकल्या. बर्फाच्या डब्याने आणि पहाटेच्या त्या एका तासाने शेततळ्यांपेक्षा अधिक घरांचे भले केले, असे म्हणण्यास अनुभवाचा आधार आहे.

शेततळ्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. कातळावर आणि मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही, म्हणून अस्तरीकरण लागते. त्यातही पाणी माघ-फाल्गुनापर्यंतच पुरते. पाण्याच्या वरच्या थरात चरणारा कटला, मधल्या थरातील रोहू आणि तळाशी वावरणारा मृगळ हे तीन मासे एकत्र सोडले तर अन्नासाठी त्यांची स्पर्धा कमी होते, ही पद्धत सर्वत्र मान्य आहे. परंतु अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले मत्स्यजिरे अशा हंगामी तळ्यात सोडले तर मासा विकण्याजोगा होण्याआधीच पाणी आटते. बोटाएवढी वाढलेली बोटुकली वेळेवर मिळाली तरच हिशेब जुळतो, आणि दुर्गम पाड्यांपर्यंत ती क्वचितच वेळेवर पोहोचते.

बांध हा दुर्लक्षित राहिलेला, पण विचार करण्यास अत्यंत समृद्ध असा विषय आहे. दोन एकर खाचराला बांधांची लांबी बरीच असते, आणि ती जागा कोणत्याच सातबाऱ्यात पीक म्हणून लिहिली जात नाही. पूर्वी भाताच्या रोपासाठी राब भाजला जाई, म्हणजे ऐन, साग इत्यादी झाडांच्या फांद्या छाटून, त्यांवर शेण, गवत आणि माती पसरून ती जागा जाळली जाई, ज्यामुळे तणाचे बी मरे आणि राखेतून रोपाला जोर मिळे. जंगल विरळ होत गेले तशी फांद्यांसाठीची पायपीट वाढली. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत याला एक पर्याय होता: भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढ्याचा काही भाग शेतात परत घालणे, बांधावरच्या गिरीपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे, ठरावीक अंतरावर जोडओळींत लावणी करणे आणि चार चुडांच्या मध्ये 2.7 ग्रॅम वजनाची युरिया-डीएपी खताची गोळी खोल खोचणे. यांतील गिरीपुष्प पाड्यांनी सर्वांत लवकर उचलले, कारण ते काडीने लागते, शेळ्यांच्या तावडीतून बऱ्यापैकी वाचते आणि शेंगवर्गीय असल्याने त्याच्या पाल्यात नत्र भरपूर असते. खोल खोचण्याच्या गोळ्यांनी खत वाहून जाणे कमी झाले, पण त्या खोचण्याचे काम पुन्हा आषाढातच येत असल्याने पुष्कळांनी ते सोडून दिले. एक चिंता येथे नोंदवली पाहिजे. गिरीपुष्प हे मध्य अमेरिकेतून आलेले झाड आहे, आणि सर्व बांधांवर तेच एक उभे राहिले तर बांधाची विविधता वाढत नसून घटते. ज्या शेतकऱ्यांनी त्याच्या जोडीला ऐन, पळस, करंज, शेवगा आणि बांधावर तूर ठेवली, त्यांच्या शेतात सावली, सरपण, भाजी आणि पक्ष्यांना बसण्याच्या जागा अशी गरजांची अनेक उत्तरे एकाच रेषेत मिळाली.

शेतातील जैवविविधतेचा विचार बहुधा जंगलाच्या कडेने सुरू होतो. या भागात तो चिखलापासून सुरू करणे योग्य ठरते. मृगाच्या पहिल्या जोरदार सरींत ओढ्याचे पाणी खाचरांपर्यंत पोहोचते आणि लहान मासे अंडी घालण्यासाठी त्या प्रवाहाविरुद्ध वर चढतात. याला वळगण म्हणतात. खाचरांत त्यांची पिल्ले वाढतात, बेडकांची अंडी उबतात, चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्यांवर जगतात, आणि पाऊस ओसरताना हे मासे पुन्हा ओढ्यात उतरतात. लावणीच्या भुकेल्या दिवसांत मूठभर मासे, खेकडे, बांधावरचा कुर्डू, पडीवरचा टाकळा, कुंपणावर चढलेली करटोली आणि पावसाच्या तोंडावर जंगलात उगवणारी शेवळे यांवर घरची भाकरी खाल्ली जाई. महिन्यांच्या तक्त्यात बायकांनी आषाढाच्या घरात ठेवलेले थोडेसे दाणे याच वस्तूंचे होते, आणि पिकांच्या कोणत्याही आकडेवारीत त्या येत नाहीत.

खोडकिड्यासाठी आणि बांध पोखरणाऱ्या खेकड्यांसाठी खाचरांत फोरेटचे दाणे टाकण्याची सवय काही पाड्यांत रुजली, तेव्हा दोन-तीन पावसाळ्यांतच तेथील खाचरांत मासे दिसेनासे झाले. या कीटकनाशकावर 2020 च्या अखेरीस देशभर बंदी आली. त्यानंतर आलेल्या तणनाशकाचा परिणाम वेगळा आहे: ते निंदणीचे श्रम वाचवते, आणि दिवसभर वाकून राहणाऱ्या बाईला त्याचा मोह पडणे पूर्णपणे समजण्यासारखे आहे, पण बांधावर फवारले की कुर्डू आणि टाकळा जातो. अशा वेळी जैवविविधतेचे महत्त्व सांगून काही साधत नाही. बांधावर फवारू नये आणि खाचरातच हातकोळपे फिरवावे, या तोडग्याने काही घरांत तणनाशकाचा वापर आटला, कारण जोडओळीत लावलेल्या भातात कोळपे फिरवता येते आणि ते काम पुरुषही करतात. हेही खरे, की प्रत्येक जीव शेतकऱ्याच्या बाजूने नसतो. खेकडा बांध फोडतो, रानडुक्कर एका रात्रीत नागलीचे शेत उलथवते, माकडे शेवग्याच्या शेंगा ठेवत नाहीत, आणि ज्या कुटुंबाने हे नुकसान सोसले आहे त्याला विविधतेची केवळ थोरवी ऐकवणे अन्यायाचे आहे.

खुरासणीचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. वरकसावरच्या या तेलबियाच्या फुलाला परपरागीकरण लागते, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जावे लागतात, आणि हे काम मधमाश्या करतात. आश्विनात डोंगर या फुलांनी पिवळे होत, आणि सातेरी, आग्या आणि फुलोरी या तिन्ही जातींच्या माश्यांना पावसाळ्यानंतरचे पहिले भरघोस खाद्य मिळे. तयार तेल बाजारात स्वस्त मिळू लागले, घाणे बंद पडले, तशी खुरासणीची शेते घटली. काही घरांनी खुरासणीच्या जोडीला सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवल्या, तेव्हा मधापेक्षा जास्त लक्षात राहण्यासारखा बदल त्यांच्या वाडीत दिसला: काजू आणि आंब्याच्या मोहोरावर माश्यांची वर्दळ वाढली आणि फळधारणा सुधारली, असे त्या शेतकऱ्यांनी स्वतः सांगितले. फळबागेचा विचार करणाऱ्या योजनेने डोंगरावरच्या तेलबियाची दखल घ्यावी, हे वरवर असंबद्ध वाटते, पण माशीच्या वर्षात आश्विन आणि माघ हे एकमेकांना बांधलेले असतात.

वाडी हा शब्द या भागात आता एका विशिष्ट पद्धतीसाठी रूढ झाला आहे: सुमारे एक एकर वरकस जमिनीवर आंबा आणि काजूची कलमे, कडेने जंगली झाडांचे दाट कुंपण, आणि कलमे मोठी होईपर्यंत मधल्या जागेत नागली, उडीद, भाजीपाला. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने ही पद्धत प्रथम दक्षिण गुजरातेतील वांसदा भागात आणि नंतर महाराष्ट्रातील आदिवासी तालुक्यांत रुजवली. कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते, आणि तेच उन्हाळे वीटभट्टीचे असतात. त्यामुळे पहिल्या वर्षी घरातील एक तरी माणूस मागे राहू शकेल का, यावरच वाडीचे भवितव्य ठरे. एका तरुण जोडप्याने भट्टीची उचल न घेता राहण्याचे ठरवले, कारण त्यांच्या खाचराच्या कडेला एक डबके होते आणि त्याच्या पाण्यावर त्यांनी मोगऱ्याची थोडी झाडे लावली होती. जव्हार आणि विक्रमगड भागात मोगरा या काळात चांगलाच पसरला; पहाटे तोडलेल्या कळ्या नाशिक आणि मुंबईच्या बाजारात जातात आणि उन्हाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत जवळजवळ रोज थोडी रोकड देतात. मोगऱ्याच्या त्या पैशाने त्यांना कलमांची पहिली वर्षे घरी राहून काढता आली. कलमांचे उत्पन्न नंतर आले. त्यांच्या थोरल्या मुलीचे शाळेचे वर्ष मात्र पहिल्याच उन्हाळ्यात बुडायचे वाचले, कारण ती आई-वडिलांबरोबर भट्टीवर गेली नाही. एकात्मिक शेतीच्या लाभ-खर्चाच्या गणितात हा लाभ कोणत्या रकान्यात लिहावा, हे अद्याप कोणत्याही अहवालाने ठरवलेले नाही, आणि ते ठरणे अत्यंत आवश्यक आहे.

बियाण्याच्या बाबतीत अकोले तालुक्याचे उदाहरण सर्वपरिचित आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, भाज्या यांची स्थानिक वाणे घरच्या बियाणे बँकेत जपली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जव्हारच्या पाड्यांवरही असे बी बायकांच्याच ताब्यात असते: भोपळ्याचे बी राखेत, वालाचे मडक्यात, मक्याची कणसे चुलीवरच्या धुरात. ही वाणे टिकण्यासाठी ती दर वर्षी पेरली आणि खाल्ली जावी लागतात. ज्या वाणाला घराच्या वर्षात जागा उरली नाही, ते नुसते डबीत ठेवून फार काळ वाचत नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी शक्य केली, हे मोठे पाऊल आहे, पण हळव्या भाताला भाद्रपदात घरात जागा आहे तोवरच तो खऱ्या अर्थाने जिवंत आहे.

सर्वांत अवघड प्रश्न कोणत्याही एका शेताच्या बांधाआत सुटत नाही. भाताची कापणी झाली की सर्व गुरे मोकळी सोडण्याची जुनी चाल आहे. खाचरातले धसकट त्यांचा चारा होतो आणि शेण जागच्या जागी पडते. पण खाचरातील उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा किंवा कुळीथ घ्यायचा असेल, किंवा नवी कलमे जगवायची असतील, तर हीच मोकाट चराई सर्वांत मोठा अडथळा ठरते, आणि एकट्या घराने कुंपण घालून भागत नाही, कारण कुंपणाचा खर्च वालाच्या उत्पन्नापेक्षा अधिक होतो. एका पाड्याने यावर दसऱ्यानंतर बैठक घेण्याची प्रथा सुरू केली: वाल निघेपर्यंत गुरे खाचरात न सोडता माळावर न्यायची आणि गुराख्याला दर जनावरामागे ठरावीक भात द्यायचा. पहिली काही वर्षे हे चांगले चालले, आणि ओलीवरच्या वालाखालचे क्षेत्र वाढले. पुढे गुरे राखणारी मुले शाळेत जाऊ लागली, जे व्हायलाच हवे होते, आणि गुराखी मिळेना. ज्या वर्षी तो मिळाला नाही त्या वर्षी वाल उभा राहिला नाही. मग पाड्याने पाळी लावली, की प्रत्येक घराने आळीपाळीने एकेक दिवस सगळ्यांची गुरे माळावर न्यावीत. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या घरांची पाळी कोणी भरायची, त्यांनी त्याबद्दल भात द्यावा की पैसे, आणि ज्यांच्याकडे जनावरच नाही त्यांना पाळी असावी की नसावी, यावर दर वर्षी बैठक लांबते. गेल्या काही वर्षांत भट्टीवर जाणारी घरे कमी झाल्याने पाळ्या भरणे थोडे सोपे झाले आहे, पण वाद मिटलेला नाही.